बारा आण्यांचं दुखणं

आमच्या घरी दुखण्याच्या गोळ्या चुलीजवळच्या कोनाड्यात, मिठाच्या बरणीमागे ठेवलेल्या असत. तापाला आणि अंगदुखीला पांढरी पॅरासिटामॉल. बाबा स्लॅबच्या कामावरून आले की पाठीसाठी दुसरी. त्या दुसरीचं नाव डायक्लोफेनॅक हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. घरात तिला ‘कामावरची गोळी’ म्हणत. कुठल्याशा डॉक्टरनं ती कधीतरी एकदा लिहून दिली होती. पुढे रिकामी पट्टी दाखवली की मेडिकलवाला नवी पट्टी काढून द्यायचा.

गोळीचा नियम एकच होता. दुखणं अगदी सोसवेनासं झालं तरच घ्यायची. उगाच घेतली तर सवय लागते, आणि कशीही घेतली तरी ती गरम पडतेच, म्हणून वरून ताक प्यायचं. हा नियम आम्हाला कोणी शिकवला नव्हता. घरात जो जन्मला त्याला तो ठाऊक होता.

आमचं गाव सावली तालुक्यात, वैनगंगेपासून जवळ. धानाच्या थोड्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि उरलेलं वर्ष बाबांचं गवंडीकाम. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, आई शाळेत गेलीच नाही. मी तालुक्याच्या शाळेत शिकले, मग गडचिरोलीला कॉलेज केलं. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. आज मी मुलचेऱ्याकडे एका शाळेत विज्ञान शिकवते. हे सगळं बाबांच्या पाठीवर झालं, आणि ती पाठ त्या गोळीवर चालत होती. म्हणून मला त्या गोळीचा राग करता येत नाही, तिनं पुढे जे केलं ते कळूनही.

बाबांच्या गालात कायम खर्रा असायचा. आमच्याकडे तो कोणाच्या गालात नसतो? सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घेऊन तळहाताखाली घोटायचा, पुडी बांधायची. पाहुण्याला आधी पाणी, मग खर्रा. बाबांचा एक लहानपणचा दोस्त होता, त्याचा चौकात पानठेला. मी त्यांना काकाजी म्हणते. बाबांचा खर्रा काकाजीच घोटत. दुसऱ्या कोणाच्या हाताचा बाबांना चालत नसे. काकाजी म्हणायचे, “तुह्या बापाले बायकोच्या हातचं जेवण नसलं तरी चालते, माह्या हातचा खर्रा पायजे.” आई आतून उत्तर द्यायची, “मंग तुमच्याच घरी पाठोतो ना त्याईले, ठेवून घ्या.”

बाबांचं तोंड हळूहळू कमी उघडू लागलं. आधी भाकरीचा तुकडा लहान झाला, मग भात कालवून पातळ झाला. गालात आतून फोड आला होता. त्यांनी तो कोणाला दाखवला नाही. फोड दुखायचा म्हणून जेवण सुटलं, आणि जेवण सुटलेल्या पोटी ते ‘कामावरची गोळी’ घेत राहिले, कारण दुखण्याची तीच एक गोळी त्यांना माहीत होती. शेवटी शौचाला डांबरासारखं काळं झालं आणि ते बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर बसल्या जागी कलंडले. तेव्हा आम्ही त्यांना चंद्रपूरला नेलं. तिथं दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या. उपाशीपोटी घेतलेल्या गोळ्यांनी जठराला जखमा होऊन रक्त जात होतं, आणि गालातला फोड हा फोड नव्हता.

पुढचं लांबवत नाही. नागपूरला ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले. बाबा पुन्हा बांधीवर जाऊन उभे राहिले. पण सुगी सरली आणि दुखणं मानेत परत आलं. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, आता आजार हटणार नाही. दुखणं मात्र कमी करता येईल, तेवढं आपण नीट करू.

तेवढं. त्या दिवसापासून आमच्या घरात एवढंच एक काम उरलं. बाबांना दुखू द्यायचं नाही.

त्याच हॉस्पिटलात दुखण्याची वेगळी ओपीडी होती. तिथल्या सिस्टरनं बाबांना विचारलं, “दहापैकी किती दुखतं, काका?”

बाबांनी विचार केला. त्यांचं बोलणं तेव्हाच जड झालं होतं. म्हणाले, “बारा आणे.”

“सोळापैकी?”

“हो जी. रुपया नाई म्हणत मी. रुपया झाला तं माणूस सांगाले येत नाई.”

सिस्टर हसल्या आणि त्यांनी कागदावर तसंच लिहिलं. आधीच्या डॉक्टरांनी बाबांना ट्रॅमाडॉल दिली होती. तिनं दुखणं थोडं कमी व्हायचं, पण उलट्या व्हायच्या, आणि आता तर ती पुरतही नव्हती. डायक्लोफेनॅक बाबांच्या जठराला आता कधीच चालणार नव्हती. सिस्टरनी सांगितलं की आता मॉर्फिन सुरू करायची.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मॉर्फिन हा शब्द तिनं कुठून ऐकला होता कोण जाणे. तिनं विचारलं, “नशेची गोळी हाये का जी थे? सवय लागन ना.”

सिस्टर उठून आईच्या बाजूला येऊन बसल्या. एवढ्या दुखण्यावर, सांगितलेल्या मापानं दिली तर तिची नशा होत नाही, म्हणाल्या. सुरुवातीचे काही दिवस झोप येईल, मळमळेल, मग ते कमी होईल. पोट मात्र बांधून राहील, म्हणून पोट साफ व्हायची गोळी रोज द्यायची, चुकवायची नाही. मनानं वाढवायची नाही, मनानं बंदही करायची नाही. ही गोळी पाण्यात विरघळवून दिली तरी चालते. पुढे कधी हळूहळू सुटणारी दुसरी गोळी लिहून दिली तर ती मात्र कुटायची नाही, सगळं औषध एकदम अंगात जाईल. दुसऱ्या कोणाला यातली एकही द्यायची नाही. उरल्या तर इथं परत आणायच्या.

मग त्या बाबांकडे वळल्या. “आणि ही घड्याळ पाहून घ्यायची, काका. दुखो की न दुखो. दुखणं यायच्या आधी गोळी पोटात पाहिजे.”

आमच्या कोनाड्यातल्या नियमाच्या हे अगदी उलट होतं. मला वाटलं, बाबा ऐकायचे नाहीत. पण बाबांनी मान हलवली आणि म्हणाले, “म्हंजे आधी सेंट्रिंग, मंग स्लॅब.”

सेंट्रिंग म्हणजे स्लॅब ओतायच्या आधी खालून उभारायचा फळ्या-बल्ल्यांचा आधार, हे सिस्टरना कळलं नसावं. त्या म्हणाल्या, “हो, तसंच.”

नागपूरहून नागभीडमार्गे परत येताना बाबा बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. महिनोन्महिने त्यांना असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. आई दर थांब्यावर त्यांच्या नाकापुढे बोटं धरून श्वास पाहायची.

पहिला आठवडा चांगला गेला. मी रजा टाकली होती. घड्याळ बाबांच्या बाजेसमोर टांगलं. बाबा पेज प्यायले, अंघोळ केली, दारातून दिसणाऱ्या भिंतीकडे पाहून “गिलावा फुगला” असंही म्हणाले. विचारलं की सांगायचे, “चार आणे.” एकदा तर “दोन” म्हणाले आणि स्वतःलाच त्याचं नवल वाटलं.

मग माणसं भेटीला यायला लागली.

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जाणं हे लग्नाला जाण्यापेक्षा मोठं असतं. लग्न चुकलं तर लोक विसरतात, दुखण्यात कोण आलं नाही ते कोणी विसरत नाही. आणि जसं जाणाऱ्याचं कर्तव्य, तसंच आजाऱ्याचंही. त्यानं उठून बसायचं. आलेल्याला ओळखायचं, त्याच्या घरच्यांची विचारपूस करायची आणि आपल्या आजाराची गोठ, म्हणजे सगळी हकीकत, पहिल्यापासून स्वतःच्या तोंडानं सांगायची. प्रत्येकाला, पुन्हा पहिल्यापासून. बायकोनं सांगून चालत नाही, पोरीनं सांगून चालत नाही. भेटायला आलेल्या माणसानं झोपलेलं तोंड पाहून परत जायचं, ही दोन्हीकडून लाज.

रजा संपून मी मुलचेऱ्याला गेले होते. आईचा फोन आला, “बाबाचं दुखणं वाढून राह्यलं बाई, गोळी चालत नाई वाटते.” शनिवारी शाळा सुटल्यावर मी निघाले. आष्टी, चामोर्शी, गडचिरोली, बस बदलत घरी पोचले. बाबांचा चेहरा मेणासारखा झाला होता. मी घड्याळ पाहून गोळी दिली, त्यांनी ती तोंडात घातली, पाणी घेतलं. थोड्या वेळानं अंथरूण सरळ करताना उशीखाली त्यांची चुन्याची डबी लागली. खर्रा बंद झाल्यापासून ती रिकामी होती. उघडली तर आत गोळ्या. ओल्या होऊन पुन्हा वाळलेल्या, कडा झिजलेल्या.

“हे काय बाबा?”

त्यांनी डबीसाठी हात पुढे केला.

“दुखत नाही का तुम्हाला?”

“दुखते.”

“मग काऊन नाई घेत?”

एकेक शब्द जमवत ते म्हणाले, “झोप येते तिनं. लोक इतक्या दुरून येऊन राह्यले, अन् मी झोपून राहू? मेलो का मी?”

मी त्यांना सिस्टरचं सगळं पुन्हा सांगितलं. झोप कमी होईल, पण गोळी रोज नेमानं घेतली तरच. अशी एक घ्यायची अन् दोन टाकायच्या, यानं रोज पहिला दिवसच येतो. त्यांना ते पटत होतं, हे मला दिसत होतं. सेंट्रिंगशिवाय स्लॅब टाकायचा नसतो हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. तरी ते म्हणाले, “दिवसाची राहू दे. लोक गेल्यावर घेतो.”

आणि लोक जात नव्हते. धानाची कापणी, चुरणं म्हणजे मळणी, सगळं होऊन गेलं होतं, सगळ्यांना सवड होती.

दुसऱ्या दिवशी आईच्या माहेरकडची माणसं ऑटो करून आली. बाबा उठून बसले. मानेवरची सूज झाकायला दुपट्टा गुंडाळून घेतला. त्यांनी सगळ्यांच्या पोराबाळांची चौकशी केली आणि गोठ सुरू केली. शब्द चिखलातून पाय काढावा तसे निघत होते. आई मधूनमधून त्यांचं बोलणं सांगत होती. मी बाबांच्या मागे उभी होते, म्हणून मला त्यांचा डावा हात दिसत होता. बाजेची दोरी त्यांनी मुठीत अशी धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

आईचा चुलतभाऊ म्हणाला, “चांगले दिसून राह्यले जी भाऊ तुमी. गावात तं काय काय सांगत होते लोक.”

“लोकायचं काय,” बाबा म्हणाले.

“नाई, खरंच. मले तं वाटलं होतं, वळखते का नाई.”

“तुले नाई वळखीन? तुह्या वरातीत बैल मी हाकलले.”

सगळे हसले. चहा झाला. काकाजीही त्या दिवशी बसले होते, सवयीनं मांडी घालून खर्रा घोटत आणि पाहुण्यांना देत. ऑटो गेला. तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत बाबा बसून होते. मग ते आडवे झाले, दुपट्ट्याचा बोळा दातांत धरला आणि त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो मी लिहू शकत नाही. आई गोळी विरघळवायला धावली. मी विचारलं, किती? त्यांनी तळहात उघडून बोटं दाखवली, मिटली, पुन्हा दाखवली, पुन्हा मिटली. तिसऱ्यांदा हात उघडला तो तसाच राहिला. पंधरा आणे.

काकाजी दारात उभे होते. ते घरी जायला निघाले होते आणि आवाजानं परत वळले होते. ते रोज यायचे, आणि रोज बाबा त्यांच्यासमोर उठून बसायचे. त्यांना वाटत होतं, दोस्ताला बरं आहे.  जाताना त्यांना चप्पल सापडत नव्हती, समोरच होती.

त्या सोमवारची मी रजा टाकली. सकाळी काकाजी आपलं ठेल्यावरचं स्टूल घेऊन आले आणि आमच्या घरापुढच्या मांडवाच्या तोंडाशी मांडून बसले. मला म्हणाले, “गोळी दे त्याले. टाइम झाला.”

पहिला आला तो गावातलाच एक म्हातारा. काकाजींनी त्याला मांडवातच बसवलं. “झोपला हाये. बसा, मी सांगतो.”

“तुमी सांगता?”

“मंग. माह्यासमोरचं हाये सारं.” आणि त्यांनी सुरू केलं, पहिल्यापासून. गालात फोड कसा आला, बाबांनी तो कसा लपवला, बांधीच्या धुऱ्यावर कसे कलंडले.

बाबा आत जागेच होते. गोळी माझ्या हातात, वाटीत विरघळलेली. ते वाटीकडे न पाहता कान देऊन होते. “माही गोठ तो काऊन सांगते?” म्हणाले. मी म्हटलं, ऐका तर. बाहेर काकाजी म्हणत होते, पहिल्यांदा मूल गावच्या डॉक्टरकडे नेलं. बाबांनी लोटा उचलून जमिनीवर दोनदा आपटला.

 बाहेरून काकाजी म्हणाले, “चुकलो म्हणते. बरं, चंद्रपूरले.”

गोठ पुढे सरकली. नागपूर, ऑपरेशन, शेक. बाबांनी पुन्हा लोटा आपटला नाही. त्यांनी हात पुढे केला आणि वाटी घेतली.

त्यानंतर हे रोजचंच झालं. काकाजी मांडवात, बाबा आत. मी शनिवारी येऊन रविवारी परत जायची, बाकीचं आई सांगायची. गोळ्या वेळेवर पोटात जाऊ लागल्या आणि सिस्टर म्हणाल्या होत्या तसं झालं, चार दिवसांत झोप उतरली. बाबा दिवसा जागे राहू लागले, पण आता ते उठून बसायचे नाहीत, पडल्या पडल्या आपली गोठ ऐकायचे. मान आणखी सुजली तेव्हा आम्ही नागपूरला फोन केला आणि डॉक्टरांनी माप वाढवलं. आई सांगे ते आकडे बहुतेक चार-पाच आण्यांत राहिले.

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. काकाजी स्टूलबरोबर पन्नी आणि डबेही आणायचे. लोक मांडवात बसून बाबांच्या गालाची गोठ ऐकायचे, ऐकताना काकाजींच्या हातचा खर्रा घ्यायचे आणि गालात धरायचे. गोठ नेहमी फोडापासून सुरू व्हायची, त्याआधी काही नव्हतंच. एकदा एकानं विचारलं, “कायनं झालं म्हणते डॉक्टर?” काकाजींचा तळहात पन्नीवर थांबला. मग पुन्हा फिरू लागला. “झालं असंच,” ते म्हणाले आणि पुडी त्याच्या हातात दिली.

मी शाळेत पोरांना हेच शिकवते. तंबाखूचा तक्ता भिंतीला लावते. मी आत येऊन आईला म्हटलं, “त्यांना सांगते, आपल्या मांडवात तरी घोटू नका.”

आई पेज गाळत होती. म्हणाली, “सांग. अन् तो उठून गेला तं दारावर कोण बसन?”

मी दारापर्यंत गेले. बाबा झोपले होते, कपाळावर आठी नव्हती. मी परत फिरले. पुढेही कधी सांगितलं नाही.

बाबा गेले ते एका रविवारी दुपारी, मी घरी असताना. दोन दिवस ते गिळत नव्हते. नागपूरहून सिस्टरनी फोनवर सांगितल्याप्रमाणे आम्ही गोळीचं पाणी थेंब थेंब गालात सोडत होतो. मांडवात कोणी पाहुणे होते. काकाजी गोठीत ऑपरेशनपर्यंत आले होते. आईनं बाबांच्या नाकापुढे बोटं धरली, बसमध्ये धरायची तशी, आणि धरूनच ठेवली. मग ती उठून दारात गेली.  काकाजी वाक्याच्या मध्येच थांबले. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पुढे जे भेटायला आले त्यांना गोठ आईनं सांगितली. आता ती तिला सांगता येत होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. गोळ्या उरल्या होत्या. शेजारची एक बाई मोकळ्या मनानं म्हणाली, “फेकू नोको हो. माह्या गुडघ्याले चालते का थे?” आमच्याकडे गेलेल्या माणसाचं औषध असं वाटलं जातं, चांगली वस्तू वाया कशाला घालवायची म्हणून. मी तिला बसवून सांगितलं की ही गोळी ज्याच्या मापाची त्याचीच असते, दुसऱ्याचा श्वास थांबू शकतो. तिला वाटलं मी देत नाही. तिच्या मनात ते अजून असावं.

नागपूरला सिस्टरनी गोळ्या घेतल्या, मोजून बाजूला ठेवल्या आणि विचारलं, “शेवटी किती आणे होतं?” मी म्हटलं, चार. मग म्हटलं, विचारता आलं नाही, झोपेत होते. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी काकाजी आले होते. म्हणाले, “बाई, त्याची चुन्याची डबी मले दे. आठवण राहीन.” द्यायच्या आधी मी ती धुवायला घेतली. जुना चुना कोपऱ्यात वाळून दगड झाला होता आणि त्यात एक गोळी अडकून बसली होती. कुठल्यातरी पाहुण्यांसमोर न घेतलेली. नखानं ती काढली, कागदात बांधली आणि बाकीच्यांबरोबर नागपूरला नेली.

डबी मी काकाजींना दिली. ठेला अजून चालू आहे. गावी गेले की मी चौकातून जाते, ते हाक मारतात, आईची चौकशी करतात. डबी पन्नीच्या बाजूला ठेवलेली असते. त्यांनी तिच्यात चुना भरला आहे.